लाइव्ह उबुंटूत विंडोजची डिस्क उघडत नाही?

चाटी गल्लीत मामांच्या दुकानातला बिलिंगचा पीसी लाइव्ह पेनड्राइव्हवर (म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या उबुंटू या लिनक्स सिस्टिमवर) सुरू केला, तर विंडोजच्या ड्राइव्हवर क्लिक केलं की 'अनेबल टू माउंट', म्हणजे ड्राइव्ह जोडून उघडता येत नाही. चादरींच्या गठ्ठ्यावर बसलेल्या मामांचा चेहराच उतरला. डिस्क ठणठणीत होती हो, विंडोज नुसतं झोपलं होतं! विंडोज ८ पासून आलेलं फास्ट स्टार्टअप चालू असलं की 'शट डाऊन' करूनही ते अर्धवटच बंद होतं, आणि अशा अर्धवट बंद ड्राइव्हला उबुंटू नेहमीसारखं उघडत नाही.

विंडोज परत सुरू करा. शिफ्ट दाबून धरूनच 'शट डाऊन'वर क्लिक करा, मग पेनड्राइव्हवरून बूट करा. शिफ्टशिवाय साधं 'रीस्टार्ट' करून थेट पेनड्राइव्ह निवडला तरी चालतं.

विंडोज सुरूच होत नसेल तर ड्राइव्ह रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरता) माउंट करून फायली काढा. हायबरनेशनची फाइल (विंडोज झोपताना आपली चालू स्थिती जिच्यात साठवतं ती) मात्र घाईत उडवू नका, सेव्ह न केलेलं काम जातं.