पुण्यातल्या पेठेतला हरवलेला बोळ कसा शोधावा

आजोबांच्या पत्त्यातला बोळ नकाशात सापडत नाही म्हणून लोक घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारतात आणि तो दाखवेल ती जागा कुलवृत्तांतात, म्हणजे घराण्याच्या इतिहासाच्या पुस्तकात, छापून मोकळे होतात. कृपा करून असं करू नका. आठवणीवरून दिशा कळेल, पण जागा ठरवायला कागदच लागतो.

घरातले कागद आधी गोळा करा. लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, पोस्टकार्डं, खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, सगळं. पत्ता अशुद्ध लेखनासकट जसाच्या तसा उतरवून घ्या. शक दिलेला असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा (शकवर्षाच्या अखेरच्या, जानेवारीनंतरच्या तिथींना ७९). कागद मोडीत असेल तर जाणकाराकडून पूर्ण लिप्यंतर करून घ्या. नुसत्या सारांशावर समाधान मानू नका, कारण आपल्याला हव्या त्या ओळी नेमक्या त्यातच गळतात. पोस्टकार्डावर ‘पुणे २’ किंवा ‘पुणे ३०’ असेल तर तेही टिपा. १९७२ साली पिनकोड आला तेव्हा हेच आकडे ४११००२ आणि ४११०३० यांच्या शेवटी गेले, त्यामुळे टापू लगेच कळतो.

पेठ ठरवणं सोपं आहे. गंज पेठ म्हणजे आजची महात्मा फुले पेठ, वेताळ पेठ म्हणजे गुरुवार, हनुमंत पेठ म्हणजे नाना पेठ. फार जुन्या कागदात मलकापूर दिसलं तर रविवार पेठ समजा, शहापूर दिसलं तर सोमवार. मुंबई इलाख्याच्या १८८५च्या गॅझेटिअरच्या अठराव्या खंडात पुण्याचं पेठवार वर्णन आहे, ते एकदा नीट वाचा.

खरी अडचण बोळापाशी येते. मीही सुरुवातीला सर्वांत जास्त इथेच अडलो. जुन्या पुण्यात बोळाला पाटी लावून नाव देण्याची पद्धतच नव्हती. कुणी देवावरून ओळखायचं, कुणी हौदावरून, कुणी तालमीवरून, तर कुणी वाड्याच्या धन्यावरून. तांबट आळी, बोहरी आळी अशी धंद्यावरून पडलेली नावं टिकली. धन्याच्या आडनावावरची नावं मात्र वाडा विकला गेला की पुसली जातात. एकाच बोळाला दोन तोंडांकडून दोन नावं असतात, तेही ध्यानात ठेवा. म्हणून नावाच्या मागे धावणं सोडा आणि चतुःसीमा, म्हणजे मिळकतीच्या चारही बाजूंना काय आहे त्याची नोंद, शोधा.

खरेदीखतात किंवा गहाणखतात मिळकतीचं वर्णन असतं: ‘पूर्वेस सरकारी बोळ, पश्चिमेस सोनारांची बखळ, दक्षिणेस आम रस्ता, उत्तरेस केळकर यांच्या वाड्याची भिंत.’ (बखळ म्हणजे मोकळी पडलेली जागा.) पत्त्यातल्या बोळाच्या नावापेक्षा या चार दिशा कितीतरी मोलाच्या आहेत. आता केळकरांचं खत शोधा. त्यांच्या चतुःसीमेत ‘दक्षिणेस’ तुमच्या घराण्याचं नाव आलं की दोन वाडे एकमेकांना चिकटले. असं शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकत अशा जागेपर्यंत जा जी हलत नाही: खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, निंबाळकर तालीम, फडके हौद. हौद वापरात नसला तरी चौकाचं नाव आहे, तेवढं पुरतं.

घरात खत नसेल तर खतांची नोंदणी होते त्या दुय्यम निबंधक कार्यालयात फी भरून जुन्या सूचींत शोध घेता येतो. सूची क्रमांक १ पक्षकारांच्या नावावरून असते, सूची क्रमांक २ मिळकतीवरून. दोन्ही पाहा. बरेच जण पहिली पाहून परत येतात.

इथे तीन गोष्टी सांभाळा. पहिली, घर नंबर. कागदातला म्युनिसिपालिटीचा घर नंबर आणि सिटी सर्व्हे (नगर भूमापन) नंबर, म्हणजे सरकारी मोजणीत जागेला मिळालेला क्रमांक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घर नंबर मधल्या काळात बदललेलेही असतात. जुना घर नंबर फोनच्या नकाशात घालून जो दरवाजा दिसेल त्याचा फोटो काढणारे लोक मी पाहतो तेव्हा फार वाईट वाटतं, कारण पुढच्या पिढ्या तोच फोटो खरा धरतात.

दुसरी, दिशा. खत लिहिणाऱ्याच्या हातात होकायंत्र नव्हतं. बोळ तिरका असेल तर त्याची ‘पूर्व’ आपली ईशान्य असू शकते. म्हणून एका बाजूवर कधीच भरवसा ठेवू नका. निदान दोन बाजू आणि एक पक्की खूण जुळल्याशिवाय जागा सापडली असं म्हणू नका.

तिसरी, मधे झालेली मोडतोड. लक्ष्मी रस्त्यासारखे रुंद रस्ते पेठांमधून नंतर काढले गेले, त्यामुळे जुना सलग बोळ आज दोन्ही बाजूंना तुकड्यांत सापडतो. नदीकाठच्या शनिवार, नारायण, कसबा या भागांत १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुरानंतर तर वाडेच्या वाडे गेले. तिथे पुराआधीच्या चतुःसीमा आधी जुळवा, मगच आजच्या इमारतींकडे वळा.

शेजाऱ्यांची साखळी हातात आली की नगर भूमापन कार्यालयात जा. चौकशी नोंदवहीत भूमापनाच्या वेळच्या धारकांची नावं मिळतात. ती साखळीशी ताडा, सिटी सर्व्हे नंबर काढा आणि प्रॉपर्टी कार्डाबरोबर (त्या जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीबरोबर) त्या भागाच्या नकाशाचीही नक्कल मागा. कार्ड सगळे घेतात, नकाशा मागायचा मात्र राहून जातो.

शेवटी पायी जाऊन बघा. कुलवृत्तांतात नोंद करताना बोळाची जुनी-नवी नावं, कागदातला घर नंबर, सिटी सर्व्हे नंबर आणि ज्या खतावरून जागा ठरली त्याची तारीख, हे सगळं शेजारी शेजारी लिहा. जे जुळलं नाही, त्यापुढे ‘अनिश्चित’ असं स्पष्ट लिहून ठेवा.