व्हिपलच्या ऑपरेशनआधी

बायोप्सीत ड्युओडेनमचा, म्हणजे जठराला लागून असलेल्या वीतभर आतड्याचा कॅन्सर निघाला की सगळे ऑपरेशनच्या तारखेमागे लागतात. आधी फाइल लावा. एंडोस्कोपीचा रिपोर्ट, सीटी स्कॅनची सीडी (नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही), रक्ताच्या तपासण्या आणि बायोप्सीच्या स्लाइड्ससोबत मेणाचे ब्लॉकही (बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, ते) घ्या. मोठ्या रुग्णालयात ते पुन्हा तपासतात. बाबांच्या वेळी ब्लॉक राहिले आणि ते आणायला मला परत गावी जावं लागलं. चार दिवस गेले.

सर्जनना पहिला प्रश्न विचारा: गाठ नेमकी कुठे आहे? पित्तनलिका उघडते त्या दुसऱ्या भागात असेल तर बहुधा व्हिपल. त्यात स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढतात, मग स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर आतड्याला जोडतात. तिसऱ्या-चौथ्या भागात असेल तर कधीकधी तेवढंच आतडं काढून भागतं. दुसरा प्रश्न: इथे वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात? विचारताना संकोच वाटतो, पण विचाराच. जिथे ही ऑपरेशनं जास्त होतात तिथे धोका कमी असतो.

कावीळ असेल तर स्टेंट, म्हणजे पित्ताला वाट करून देणारी नळी, लागणार का, हे विचारून घ्या; तो प्रत्येकाला लागत नाही. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञांना दाखवा, मनाने काहीही बंद करू नका. विडी-तंबाखू मात्र आजच सोडायची.

माझ्या मते खरी तयारी ताटात असते. गाठीतून हळूहळू रक्त जाऊन हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, उलट्यांनी वजन घटलेलं असतं. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा द्या: अंडं, पनीर, मऊ मुगाची खिचडी. काहीच पोटात ठरत नसेल तर आहारतज्ज्ञांना त्याच दिवशी सांगा. रोज चालणं आणि तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरवर श्वासाचा सराव आधीपासून करून घ्या.

खर्चासाठी रेशनकार्ड, आधार घेऊन महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) भरती होण्याआधी भेटा. दोन आठवडे गृहीत धरून रात्री थांबणाऱ्यांच्या पाळ्या लावा. जठर उशिरा चालू झालं तर मुक्काम वाढतो.

आणि काढलेल्या गाठीची एमएसआय तपासणी (पेशींची डीएनए दुरुस्त करायची यंत्रणा बिघडली आहे का, ते दाखवणारी) सांगितली आहे का, हेही विचारा. हा कॅन्सर कधी घराण्यातून आलेला असतो, आणि तसं निघालं तर भावंडांनी, मुलांनीही डॉक्टरांना दाखवायला हवं.