शोधप्रबंधाचे शेवटचे सहा महिने

‘पीएच.डी.चा प्रबंध लिहून झाला’ असे आपण घरी सांगतो, तेव्हा तो विद्यापीठात दाखल होण्यास बहुधा बराच काळ उरलेला असतो. हा काळ लेखनापेक्षा निस्तरण्यात जातो. आधी जे सैल सोडलेले असते, ते या काळात एकेक करून समोर येते आणि जे तेव्हाही सुटते, ते मौखिकीत, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेत, परीक्षक विचारतात. म्हणून मौखिकीची तयारी हे शेवटच्या आठवड्याचे काम नाही. ती हस्तलिखितावरच करायची असते.

सर्वप्रथम आपल्या नोंदणीची तारीख पाहावी, कारण कोणते नियम लागू होतात ते तिच्यावरून ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्याचे पीएच.डी. विनियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झाले. त्यानुसार अभ्यासक्रमकार्य (कोर्सवर्क) धरून किमान ३ आणि कमाल ६ वर्षांची मुदत आहे. त्यानंतर पुनर्नोंदणी करून २ वर्षे मिळू शकतात, तर महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना आणखी २ वर्षांची सवलत आहे. २०१६च्या विनियमांत प्रबंध दाखल करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची आणि परिषदांतून दोन निबंध वाचण्याची अट होती; २०२२च्या विनियमांत ती नाही. मात्र आयोगाच्या विनियमांखाली प्रत्येक विद्यापीठाचे स्वतःचे निर्देश असतात आणि मुखपृष्ठाचा रंग, समास, प्रतींची संख्या, शुल्क या गोष्टी त्यांत ठरलेल्या असतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या निर्देशांची ताजी प्रत स्वतः मिळवून वाचावी. दोन वर्षांपूर्वी प्रबंध दाखल केलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. तो खरेच सांगत असतो, पण त्याच्या वेळचे.

नियम समजले की पहिल्या प्रकरणाकडे न जाता शेवटच्या प्रकरणाकडे जावे. प्रबंध हाती आल्यावर अनुभवी परीक्षक आधी निष्कर्ष आणि संदर्भसूची उघडतो, असे माझे निरीक्षण आहे. समजा, आपण नागपुरातल्या तांडापेठेतील ६० विणकर कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या आहेत. ‘यंत्रमागामुळे नागपुरातील विणकरांची आर्थिक स्थिती खालावली’ असे वाक्य निष्कर्षात असेल, तर ते अभ्यासाला न पेलणारे आहे. आपण शहरातले सगळे विणकर पाहिलेले नाहीत, आणि यंत्रमाग हेच कारण आहे हे मुलाखतींतून सिद्धही होत नाही. ‘मुलाखती दिलेल्या ६० पैकी इतक्या कुटुंबांनी उत्पन्न घटल्याचे सांगितले आणि त्यांतील इतक्यांनी त्याचे कारण म्हणून यंत्रमागाचा उल्लेख केला’ असे लिहिले की वाक्य लहान वाटते, पण ते कुणाला पाडता येत नाही. प्रत्येक निष्कर्षासमोर पेन्सिलीने तक्त्याचा किंवा पृष्ठाचा क्रमांक लिहावा. ज्या निष्कर्षासमोर क्रमांक लिहिता येत नाही, तो काढून टाकावा किंवा पुढील संशोधनाची दिशा म्हणून मांडावा. मार्गदर्शकांना हे काम आपणहून दाखवले तर तेही बहुधा खूश होतात.

संदर्भसूचीबद्दल थोडक्यात एवढेच, की मजकुरातील प्रत्येक संदर्भ सूचीत असावा आणि सूचीतील प्रत्येक नोंद मजकुरात सापडावी. ही पडताळणी दोघांनी मिळून करावी, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने खुणा कराव्यात. एकट्याने केली तर डोळा चुकतो.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांची खरी परीक्षा टंकलेखनात होते. सीताबर्डीवरच्या किंवा कुठल्याही डीटीपी केंद्रात जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करून मिळते आणि कागदावर ते देखणेही दिसते. पण संगणकाच्या दृष्टीने ती मराठी नसून रोमन अक्षरांची खिचडी असते. माझ्या प्रबंधाचा वाङ्मयचौर्य तपासणीचा पहिला अहवाल २ टक्के साम्य दाखवत आला तेव्हा मी पेढे आणण्याच्या बेतात होतो. ग्रंथालयाने तो परत पाठवला, कारण प्रणालीला माझा मजकूर वाचताच आला नव्हता. मग सगळी प्रकरणे युनिकोडमध्ये बदलून घेतली, तर जोडाक्षरे फुटली आणि जिथे तिथे ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ व ‘शेतकऱ्यांच्या’चे ‘शेतकर्यांच्या’ झाले. ते दुरुस्त करण्यात पूर्ण मे महिना गेला, आणि नागपूरचा मे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. हा त्रास टाळण्याचा उपाय अगदी साधा आहे. केंद्रातून पहिली दहा पाने आली की त्या फाइलमधील एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावी. ओळ मराठीतच उमटली तर काम पुढे चालू द्यावे. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे उमटली तर तिथेच थांबवावे. पीडीएफ करतानाही कधी कधी अक्षरे बिघडतात, म्हणून हीच चाचणी अंतिम पीडीएफवर पुन्हा घ्यावी.

तपासणीच्या अहवालातील टक्केवारीचा अर्थही नीट समजून घ्यावा. आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्के असल्यास सुधारित प्रबंध देण्यास एक वर्ष मनाई होते आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होऊ शकते. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर आणि प्रमाणित संज्ञा या मोजणीतून वगळल्या जातात. शब्द उलटसुलट करून टक्के कमी करण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते, पण ती करू नये, कारण त्याने वाक्य बिघडते आणि उसनवारी तशीच राहते. मूळ उतारा बंद करून आपल्याला जे समजले ते स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि संदर्भ द्यावा.

यानंतर संशोधन सल्लागार समितीपुढे पूर्वसादरीकरण होते. ते अध्यापकांना आणि इतर संशोधकांना खुले असते. या वेळी आलेली प्रत्येक सूचना लिहून घ्यावी आणि तिच्यासमोर ‘पृष्ठ अमुक, असा बदल केला’ अशी नोंद ठेवावी. जी सूचना मान्य नसेल, तिच्यासमोर कारण लिहावे. हाच कागद पुढे मौखिकीत कामी येतो.

दाखल झालेला प्रबंध मार्गदर्शकांखेरीज किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो आणि मौखिकीसह सारी प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण व्हावी, असे विनियम सांगतात. एका बाह्य परीक्षकाने प्रतिकूल अभिप्राय दिला तर प्रबंध पर्यायी परीक्षकाकडे पाठवला जातो. त्यामुळे बातमी ऐकताक्षणी खचून जाण्याचे कारण नाही. अहवाल मात्र मिळताच सावकाश वाचावेत, कारण मौखिकीतले बरेचसे प्रश्न त्यांतच दडलेले असतात.

मौखिकी खुली असते. मागे बसलेला एखादा विद्यार्थीही प्रश्न विचारू शकतो. वीस मिनिटे बोलायचे असेल तर पार्श्वभूमी तीन-चार मिनिटांत आटोपावी आणि उरलेला वेळ पद्धती व निष्कर्ष यांना द्यावा. ‘साठच कुटुंबे का? आणि हीच का?’ हा प्रश्न येणारच. ‘वेळ कमी होता’ हे उत्तर प्रामाणिक असले तरी अपुरे आहे. निवड कशी केली, कोणती कुटुंबे त्यातून सुटली आणि त्यामुळे कोणता निष्कर्ष आपण काढलेला नाही, हे क्रमाने सांगावे. एखादी उणीव परीक्षकाने दाखवली आणि ती खरी असली, तर ‘हो सर, ही मर्यादा पाचव्या प्रकरणात नोंदवली आहे’ असे म्हणता यावे, आणि त्यासाठी ती तिथे खरोखर नोंदवलेली असावी. उत्तर येत नसेल तर तसे सांगावे; गोल गोल बोलणे समोरच्याला लगेच कळते. प्रबंधाची स्वतःची प्रत खुणेच्या चिठ्ठ्या लावून जवळ ठेवावी आणि आदल्या रात्री नवे काही वाचत बसू नये.

मौखिकीनंतर सुचवलेल्या दुरुस्त्या करून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागते. ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या भांडारात जाते. तिथे प्रकरणांच्या फाइली वेगवेगळ्या लागतात, त्यामुळे त्या आधीच तोडून ठेवाव्यात. पक्की बांधणी टाकताना कण्यावरची सोनेरी अक्षरे छापण्याआधी कागदावर उतरवून घ्यावीत आणि स्वतःचे नाव पदव्युत्तर पदवीच्या प्रमाणपत्राशी अक्षरशः ताडून पाहावे, वडिलांचे नाव आणि आडनाव यांच्या क्रमासह. कारण पदवीची अधिसूचना निघाल्यावर नावातली एक वेलांटी बदलण्यासाठीसुद्धा पुन्हा अर्ज आणि फेऱ्या कराव्या लागतात.