एका थांबवलेल्या फ्रेमवर विसंबू नका : झडपांचे जन्मजात दोष शोधताना या चुका टाळा

महाधमनीच्या झडपेला तीन पाकळ्या असतात, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की इको (हृदयाची सोनोग्राफी) करताना स्क्रीनवरही तीनच दिसतात. बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे.

दोन पाकळ्यांची झडप तशी दुर्मीळ नाही, शंभरात एखाद-दोघांना असते. तिच्यात जुळून गेलेल्या दोन पाकळ्यांमध्ये बऱ्याचदा एक शिवण उरते, तिला रॅफी म्हणतात. डायस्टोलमध्ये, म्हणजे हृदय सैल पडून भरत असताना, झडप मिटली की ही शिवण हुबेहूब तिसऱ्या सांध्यासारखी (दोन पाकळ्या जिथे मिळतात त्या रेषेसारखी) दिसते आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलं जातं. म्हणून शॉर्ट ॲक्सिसमध्ये (हृदयाच्या आडव्या छेदात) लूप, म्हणजे हलतं चित्र, थांबवा आणि एकेक फ्रेम पुढे सरकवा. सिस्टोलमध्ये, म्हणजे हृदय आकुंचन पावताना, खरा सांधा भिंतीपर्यंत उघडतो, शिवण मात्र मिटलेलीच राहते आणि फट माशाच्या तोंडासारखी लांबट होते. फट एका कडेला सरकलेली, थेंबाच्या आकाराची असेल, तर एकपाकळी झडपेचा विचार करा. ती फार कमी वेळा आढळते, म्हणूनच सहज निसटते.

चार पाकळ्यांचं मात्र उलट आहे. तिथे मिटलेली झडपच खरं सांगते : सांध्यांची फुली दिसते आणि मधोमध बारीक चौकोनी फट राहते. रक्त तिथूनच मागे गळतं. गळतीचं कारण सापडत नसेल, तर पाकळ्या पुन्हा मोजा. छातीवरून नीट दिसत नसेल तर टीईई (अन्ननलिकेतून केलेला इको) करा, अंदाजाने आकडा लिहू नका.

सीटीत एक चूक स्कॅनच्या आधीच होते. किरणोत्सर्ग कमी ठेवायला पुष्कळदा फक्त डायस्टोलची चित्रं घेतली जातात. मग उघडी झडप बघायची कुठे? प्रश्न झडपेचा आहे, सिस्टोलही हवा, हे मागणीपत्रातच लिहा.

मायट्रलला, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला, दोन तोंडं असतील तर फोर चेंबरमध्ये (चारही कप्पे एकत्र दाखवणाऱ्या दृश्यात) ती चुकू शकतात. शॉर्ट ॲक्सिसमध्ये प्रोब हृदयाच्या टोकापासून बुडापर्यंत सावकाश फिरवा. त्याच फेरीत पॅपिलरी स्नायूही (झडपेच्या दोऱ्या धरणारे) मोजा. एकच असेल तर पॅराशूट झडप (सगळ्या दोऱ्या एकाच स्नायूला जोडलेली) असू शकते, आणि मग महाधमनी कुठे अरुंद झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय प्रोब खाली ठेवू नका.

एब्स्टाइनमध्ये, म्हणजे उजव्या बाजूची ट्रायकस्पिड झडप जन्मतःच खाली सरकलेली असते त्या दोषात, नुसते मिलिमीटर फसवतात. ट्रायकस्पिडची सेप्टल (मधल्या पडद्याकडची) पाकळी निरोगी हृदयातही मायट्रलपेक्षा थोडी खाली, हृदयाच्या टोकाकडे, असते. हे अंतर उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने भागायचं. दर चौरस मीटरला 8 मिमी किंवा जास्त आलं तर एब्स्टाइन. 6 मिमी अंतर 1.7 चौरस मीटरच्या मोठ्या माणसात 3.5 येतं, काळजी नाही. तेच 6 मिमी 0.6 चौरस मीटरच्या लेकरात 10 होतं. उंची-वजन न विचारता तपासणी सुरू केली, तर हे मूल ‘नॉर्मल’ म्हणून घरी जातं.