जुन्या फोटोतली ब्रिटिश डिस्ट्रॉयर कोणत्या क्लासची, हे कसं ओळखायचं

खान्देशातून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण नेव्हीत गेलेली माणसं गावोगाव सापडतात. अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, कुठल्याही जुन्या घरातला अल्बम उघडला की एखादा काळापांढरा जहाजाचा फोटो निघतोच, मग तो फॅमिली ग्रुपवर पडतो आणि "हाई कोनतं जहाज शे भो" सुरू होतं. त्यावर कोणीतरी विक्रांत म्हणतो, कोणीतरी टायटॅनिक म्हणतो, आणि विषय संपतो. तर हे त्यांच्यासाठी ज्यांना खरंच शोधायचंय.

पहिली गोष्ट, नेटवर नाव टाकून फोटो जुळवायला जाऊ नका, हमखास फसाल. आपल्या नेव्हीने १९४९ मध्ये ब्रिटनकडून तीन आर क्लास डिस्ट्रॉयर घेतल्या (डिस्ट्रॉयर म्हणजे वेगवान लढाऊ जहाज, क्लास म्हणजे एकाच नकाशावर बांधलेल्या जहाजांचा गट), रॉदरहॅमची राजपूत झाली, रिडाउटची रणजित, रेडरची राणा. पुढे १९८० पासून रशियन बनावटीच्या डिस्ट्रॉयर आल्या त्यांनाही हीच नावं दिली. १९५३ मध्ये हंट क्लासच्या तीन छोट्या डिस्ट्रॉयर आल्या त्यांची नावं गोदावरी, गोमती, गंगा, आणि हीच तिन्ही नावं ऐंशीच्या दशकातल्या फ्रिगेटना (हाही लढाऊ जहाजाचाच एक प्रकार) परत दिली. म्हणजे आजोबा १९५५ ला राजपूतवर होते आणि नातू स्टेटसला मिसाइलवाली राजपूत टाकतोय, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. म्हणून आधी जहाज बघायचं, नाव नंतर.

फोटो अल्बममधून ओढून काढू नका, कोपरे फाटतात. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात तिरका धरून बघा, मोबाइलने फोटो काढायचा तर फ्लॅश बंद, स्कॅनर असेल तर ६०० डीपीआय पुरे. मग झूम करा आणि सगळ्यात आधी धुराडी मोजा.

दोन धुराडी, मध्ये थोडंच अंतर, आणि तोफा जोडीजोडीने, पुढे दोन जोड्या मागे दोन जोड्या, अशा मिळून आठ नळ्या दिसल्या तर ती ट्रायबल क्लास. १९३८-३९ मध्ये तयार झालेल्या या सोळा जहाजांची नावं जगभरच्या लढाऊ जमातींवरून ठेवली होती, त्यात सिख, पंजाबी आणि गुरखा पण होत्या. दिसायला माझ्या मते ब्रिटिशांची सगळ्यात देखणी डिस्ट्रॉयर, पण सोळापैकी बारा दुसऱ्या महायुद्धात बुडाल्या. पंजाबीला तर १९४२ मध्ये धुक्यात आपल्याच किंग जॉर्ज द फिफ्थ या बॅटलशिपने ठोकलं, आणि बुडताना तिच्यावरचे डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे बॉम्ब) फुटून बॅटलशिपचंही नुकसान झालं.

ट्रायबलची खरी दुखरी नस वेगळी होती. तिच्या ४.७ इंची तोफा ४० अंशांपर्यंतच वर जायच्या. डिझाइन करणाऱ्यांच्या डोक्यात शत्रू म्हणजे समोरची जहाजं, आणि आला कोण तर डोक्यावरून सूर मारणारा बॉम्बर. गुरखा एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेजवळ विमानांनीच बुडवली. त्यानंतर वाचलेल्या ट्रायबलवर मागची वरची जोडी काढून तिथं ४ इंची विमानविरोधी जोडी बसवली, त्या नळ्या बारीक दिसतात. म्हणजे फोटोत मागच्या दोन जोड्यांपैकी वरची बारीक असेल तर फोटो १९४० किंवा त्यानंतरचा, एवढं पक्कं.

आता एकच धुराडं असेल तर काय? इथं भुसावळवाल्यांना सोपं जाईल, लोकोशेडमध्ये ज्यांच्या घरातल्यांनी वाफेची इंजिनं सांभाळली त्यांना बॉयलर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. ट्रायबलला तीन बॉयलर होते म्हणून दोन धुराडी. त्यानंतरच्या जे, के आणि एन क्लासला दोनच बॉयलर ठेवले, धूर एकाच धुराड्यातून काढला, आणि वाचलेल्या जागेमुळे तोफांना जास्त कोनातून मारा करता यायला लागला. सांगाडाही बदलला, आडव्या फासळ्यांवर भर देण्याऐवजी पुढून मागे लांब जाणाऱ्या पट्ट्यांवर जहाज उभं केलं. ए. पी. कोल हे त्याचे डिझायनर, आणि जहाज बांधणाऱ्या कंपन्यांनी सुरुवातीला बरीच कुरकुर केली म्हणे, सवयीचं काम सोडायला कोणाला आवडतं. माउंटबॅटन ज्या केलीवर होते ती याच के क्लासची, मे १९४१ मध्ये क्रीटजवळ बुडाली, परत विमानांनीच. एक धुराडं आणि तीन जोड्या तोफा, पुढे दोन मागे एक, अशी खूण धरा.

पण तुमच्या अल्बममधला फोटो बहुतेक करून या दोन्हींपैकी नसणार. तो असणार युद्धात घाईघाईने बांधलेल्यांपैकी, ओ पासून झेड, मग परत सी, असे इंग्रजी अक्षरांचे जे क्लास निघाले त्यातला. जोडीच्या तोफा बनवायला वेळ लागत होता म्हणून सुट्या चार तोफा बसवल्या, पुढे दोन एकीवर एक, मागे तशाच दोन. तोफा एवढ्या कमी पडत होत्या की ओ आणि पी मधल्या काहींना ४ इंचीवर भागवावं लागलं. क्यू आणि आर क्लासला जे क्लासचाच सांगाडा घेऊन मागचं टोक सपाट कापलेलं दिलं आणि तेल जास्त मावेल असं केलं. आर क्लासमध्ये एक शहाणपणाचा बदल झाला, ऑफिसरांच्या केबिन पार शेपटाकडून जहाजाच्या मध्याकडे आणल्या. खवळलेल्या समुद्रात उघड्या डेकवरून ब्रिजपर्यंत भिजत धावायची कटकट त्याने कमी झाली. हे फोटोत दिसणार नाही, पण राजपूतवर नोकरी केलेल्याच्या घरी सांगायला बरं.

आता मुख्य खूण सांगतो, नीट झूम करून बघा. सुट्या तोफेभोवती जी लोखंडी ढाल असते तिचा पुढचा भाग उभा आहे का मागे झुकलेला? सरळ भिंतीसारखा उभा असेल तर तोफ ४० अंशवाली, म्हणजे आर क्लास किंवा त्याआधीची, आपली राजपूत, राणा, रणजित यातच येतात. चांगलाच तिरका, मागे रेललेला असेल तर एस क्लास किंवा नंतरची, कारण तिथून तोफ ५५ अंशांपर्यंत वर जायला लागली आणि नळीला वर जायला जागा हवी म्हणून ढाल तिरकी केली. एस पासून पुढचं टोकही ट्रायबलसारखं पुढे झेपावणारं केलं, पाणी कमी उडावं म्हणून. दोन्ही खुणा जुळल्या की शंका ठेवायची नाही.

जहाज आखूड, एकच धुराडं, आणि बारीक नळ्यांच्या जोड्या पुढे एक मागे दोन? मग हंट क्लास, टाइप टू. गोदावरी, गोमती, गंगा तिघी यातल्याच. या क्लासची गंमत म्हणजे पहिल्या बॅचमध्ये स्टॅबिलिटीचा हिशोब चुकला होता, जहाज वरून जड झालं, तेव्हा एक जोडी तोफ कमी करावी लागली, आणि पुढच्या बॅचची रुंदी वाढवून तिसरी जोडी परत बसवली. त्यांची ४ इंची तोफ मात्र ८० अंशांपर्यंत वर जायची, म्हणून विमानांसमोर हीच छोटी कामाला आली. वेग साधारण २७ नॉट (ताशी सागरी मैल), मोठ्या डिस्ट्रॉयर ३६ च्या आसपास.

दोन मोठे बंद टरेट (तोफांच्या फिरत्या खोल्या), दोन्ही पुढेच, मागे जड तोफच नाही असं दिसलं तर बॅटल क्लास. ४.५ इंची तोफा, ८० अंश. युद्ध संपता संपता आल्या, जपानविरुद्ध पोहोचली ती बारफ्लूर. आणि दोन धुराडी पण एक डोलकाठीच्या जाळीत लपलेलं, दुसरं पार मागे, असं विचित्र दिसलं तर वेपन किंवा डेअरिंग क्लास. यात बॉयलर-इंजिन, परत बॉयलर-इंजिन अशी आळीपाळीने खोल्या केल्या, म्हणजे एक टॉर्पेडो बसला तरी अर्धी ताकद शिल्लक. त्यासाठी धुराडी लांब गेली. डेअरिंगवर तोफांच्या तीन जोड्या, वेल्डिंगचं काम भरपूर, वजन २,८०० टनांच्या घरात, ट्रायबलच्या जवळपास दीडपट.

बाजूला लिहिलेला नंबर दिसला तर तोही वाचा, पण जपून. युद्धातल्या डिस्ट्रॉयरवर एफ, जी, एच अशी वेगवेगळी अक्षरं असायची, केली एफ ०१ होती. १९४८ च्या सुमारास डिस्ट्रॉयरना डी आणि फ्रिगेटना एफ असं ठरलं. म्हणजे एफ दिसला की लगेच फ्रिगेट म्हणू नका, आधी साल काढा. उलटंही होतं, रॉकेट आणि रिलेंटलेस या राजपूतच्याच बहिणी, युद्धानंतर त्यांना वरून सपाट करून पाणबुडीविरोधी फ्रिगेट केलं, ओळखूच येत नाहीत. आणि डोलकाठीवर रडार दिसत नाही म्हणून फोटो रडारच्या आधीचा असं पण धरू नका, युद्धातल्या फोटोंवर सेन्सॉरवाले रडार ब्रशने पुसून टाकायचे, त्या जागी आकाश जरा डागाळलेलं दिसतं.

ताडून बघायला आज उभी असलेली जहाजं आहेत, त्यांचे सगळ्या बाजूंनी काढलेले चिक्कार फोटो मिळतात. ट्रायबलसाठी कॅनडातल्या हॅमिल्टनची हायडा, तिरक्या ढालीसाठी इंग्लंडमधल्या चॅथमची कॅव्हेलियर, डेअरिंगसाठी सिडनीची व्हॅम्पायर. क्लास ठरला की फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहा, क्लास, अंदाजे साल, आणि कोणत्या खुणेवरून ठरवलं ते. पेन अजिबात नको, शाई पुढे उमटू शकते.