भुईमुगात डुक्कर शिरलंय? फास लावू नका, परवानगी काढा

शिराळा, पाटण, जावळीच्या पट्ट्यात भुईमुगाच्या शेंगा भरायला लागल्या, मका दुधावर आला, भात निसवू लागला की रानडुकरांचा त्रास वाढतो. सकाळी उकरलेलं रान बघून नुसतं हळहळत माघारी फिरू नका, आधी त्यांची वाट शोधा. खुरांचे ठसे धरत गेलात की कळप बहुतेक वेळा एखाद्या ओघळीतून नाहीतर शेजारच्या उसातून आलेला दिसतो. तिथल्या झाडाच्या बुंध्याला गुडघाभर उंचीपर्यंत चिखल घासलेला असतो, काटेरी तारेत राठ केस अडकलेले असतात. कळप पुन्हा त्याच वाटेनं येतो. म्हणून सौर झटका कुंपणाची खालची तार तिथं जमिनीपासून वीतभरच ठेवा आणि तिला टेकणारं गवत दर आठवड्याला कापा. ओल्या गवतातून झटका जमिनीत उतरतो, मग डुक्कर तारेला जुमानत नाही.

तरीही कळप हटेना, तर वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात शिकारीच्या परवानगीसाठी अर्ज द्या. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 11 मध्ये उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या रानडुकरासाठी ही तरतूद आहे. परवानगी लेखीच हवी. बंदूक परवानाधारकाचीच हवी, आणि कोयना अभयारण्यात नाहीतर चांदोली राष्ट्रीय उद्यानात पाठलाग करत शिरायचं नाही. मागं पिलं असलेली मादी सोडा. मारलेलं जनावर कलम 39 प्रमाणे सरकारी मालमत्ता असतं, मटणाचे वाटे घालाल तर गुन्हा दाखल होईल.

अशी शिकार जंगलाच्याही हिताची आहे, हे माझं ठाम मत आहे. रानडुक्कर हे बिबट्याचं आणि वाघाचं भक्ष्य. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात ते असलंच पाहिजे. पण उसात बारमाही आसरा मिळालेले कळप रोज रात्री पिकात उतरले की शेतकऱ्याचा धीर सुटतो आणि बांधावर वायरचे फास लागतात. त्या फासात बिबट्या अडकतो, भेकर अडकतं, गावातली कुत्री मरतात. नेमकं त्रास देणारं जनावर कायद्यानं टिपलं तर बाकीची वाचतात.

कुंपणात थेट वीज सोडणं आणि गावठी बॉम्ब पेरणं तर अजिबात नको. पहाटे पाणी धरायला गेलेला आपलाच माणूस त्यात जातो.

नुकसान झाल्यावर 3 दिवसांच्या आत वनविभागाकडे भरपाईची तक्रार द्या. सोबत सातबारा आणि फोटो जोडा, आणि पंचनामा होईपर्यंत ते रान मोडू नका.