पॉवर प्रेसवर बोटं जातात ती याच चुकांमुळे, टाळा

भोसरी-चाकणच्या छोट्या प्रेस शॉपमध्ये (जिथे पॉवर प्रेस मशीनने पत्रा दाबून-कापून पार्ट बनवतात) सेफ्टीचं काम करतो, दर शॉपमध्ये तेच बघून वैताग आलाय म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टू-हँडच्या, म्हणजे दोन्ही हातांनी एकदम दाबायच्या बटणांपैकी एका बटणात पाचर मारणं. दोन बटणं दिलीत ती डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) खाली येताना दोन्ही हात बाहेर अडकलेले राहावेत म्हणून. नवीन पोराचा काउंट कमी पडतो, मग कुणीतरी जुना दाखवतो की एका बटणावर टेप मार, एका हाताने जॉब टाक आणि दुसऱ्याने दाब, पीस जास्त निघतात. चांगल्या सर्किटमध्ये दोन्ही बटणं सुटल्याशिवाय पुढचा स्ट्रोक येतच नाही, पण जुन्या प्रेसला ते नसतं. मी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी प्रत्येक बटण एकेकटं दाबून बघतो, रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) हलला की मेन बंद, माझं कुलूप आणि चावी माझ्या खिशात, मग प्रॉडक्शनवाले कितीही ओरडोत. आणि राग पोरावर काढू नका, पाचर मारल्याशिवाय होणारच नाही असं टार्गेट ज्याने लावलं त्याला आधी विचारा.

पिन क्लचच्या (जुन्या पद्धतीच्या, मध्येच न थांबणाऱ्या) प्रेसला हात दिसला की थांबवणारा सेन्सर लावून "झालं सेफ" म्हणणारे मालकही खूप आहेत. ती प्रेस एकदा सुटली की पूर्ण फेरा मारूनच थांबते, सेन्सरला हात दिसून उपयोग काय? तिथे हात आत जाणारच नाही असा पक्का गार्ड लागतो.

दुसरी चूक अपघातानंतरची, तिचा मला जास्त राग येतो. बोट गेलेल्या पोराला सांगतात, "बाईकच्या चेनमध्ये बोट गेलं असं सांग, खर्च आम्ही बघतो." एका शॉपमध्ये लातूरकडच्या कंत्राटी पोराची रात्रपाळीत तर्जनी गेली, सुपरवायझरने खासगी दवाखान्यात नेऊन केसपेपरवर हेच लिहून घेतलं, ठेकेदाराने पहिलं बिल भरलं आणि नंतर फोन उचलणं बंद. पगारातून ईएसआय (कामगारांच्या सरकारी विम्याची वर्गणी) कापत होते पण आयपी नंबर, म्हणजे त्या विम्यातला कामगाराचा नंबर, काढला अपघातानंतर, त्यामुळे क्लेम अडकला. मग सोबतच्या पोरांचे जबाब, हजेरीच्या पंचिंगचा रेकॉर्ड, त्या रात्री त्याने बहिणीला पाठवलेला व्हॉइस मेसेज, सगळं गोळा करावं लागलं आणि तोवर घरच्यांनी व्याजाने पैसे काढले होते.

कामावरच्या अपघाताला ईएसआयमध्ये पहिल्या दिवसापासून कव्हर आहे, किती महिने वर्गणी भरली ते बघत नाहीत. बरं होईपर्यंत सरासरी पगाराच्या 90 टक्के मिळतात, आणि पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता 14 टक्के घटली असं धरतात आणि त्या हिशोबाने आयुष्यभर पैसे येतात. मालकाने हातावर टेकवलेल्या चार नोटांसाठी हे सोडायचं? डॉक्टरला पहिल्याच वेळी खरं सांगा, कुठे, कोणत्या मशीनवर, किती वाजता, आणि केसपेपरचा फोटो तिथेच काढून घरी पाठवा.

बाकीच्या पटापट. ड्रिल, लेथवर हातमोजे घालू नका, मोजा गुंडाळला की हात पण ओढला जातो. डाय सेट करताना मेन बंद केली तरी फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) फिरत असतं, ते थांबू द्या आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक (रॅम खाली येऊ न देणारा ठोकळा) लावा, घाई करणाऱ्याला मी त्या दिवशी सेटिंगला हातच लावू देत नाही. तुटलेलं बोट थेट बर्फात टाकू नका, स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. कोऱ्या कागदावर सही नाही. ओव्हरटाइम सिंगल रेटने घेऊ नका, कायद्याने डबल आहे.

आणि ईएसआय कापतायत तर जॉइन झाल्या झाल्या आयपी नंबर मागून घ्या, ईएसआयच्या साइटवर आपलं आणि घरच्यांचं नाव दिसतंय का बघा. नसेल तर ठेकेदारामागे फेऱ्या मारत बसू नका, मेन कंपनीच्या एचआरला लेखी द्या आणि पोच घ्या, कारण ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरायची जबाबदारी मुख्य मालकाचीच आहे.